शहाणं बाळ

पाच दिवसांचं बाळ सकाळपासून रडलंच नव्हतं. “किती शहाणं आहे गं!” सासू कौतुकानं म्हणाली. कुंतलाची छाती मात्र दुधानं ठणकत होती. बाळ ओढतच नव्हतं. घरोघरी नवी बाळं तपासणारी गावची आरोग्यसेविका, आशादीदी आली. तिनं बाळाच्या पोटाला हात लावला, श्वास मोजले. “मावशी, एवढंसं बाळ शहाणं नसतं. हे गार पडलंय. रक्तात जंतू भिनले असतील, आत्ताच निघा.” “एकवीस दिवस उंबरा ओलांडायचा नसतो,” सासू म्हणाली खरी, पण तिनंच बाळ छातीशी धरलं आणि महानदीच्या घाटावर सुटणारी नाव थांबवली. केंद्रापड्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट न पाहता औषध शिरेतून सुरू केलं. तिसऱ्या दिवशी बाळानं असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड दचकला. कुंतला थोपटायला धावली. “थांब, रडू दे,” म्हणत सासूनं बाळालाच हात जोडले.