उचलायचं नाही

"काय उचललंत?"

मिस्त्रींच्या दंडावरच्या शिवणीभोवती सूज आली होती. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी तळहात टेकवला तसे ते कळवळले.

बांधकामाच्या परांचीवरून पडून त्यांचा उजवा दंड मोडला होता. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली त्याला पाच आठवडे झाले होते. चहाच्या कपाहून जड काही या हातानं उचलायचं नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम मिस्त्री न चुकता करत. "जन्मभर भिंती बांधल्या, आता भिंतीवर रांगायला शिकतोय," म्हणत आणि आपणच हसत.

आज हसले नाहीत.

बाईंनी त्यांना तसंच एक्स-रे काढायला पाठवलं. थोड्या वेळानं डॉक्टरांचा निरोप आला. पट्टी जागेवर होती, पण एक स्क्रू सैल व्हायला लागला होता. हात झोळीत बांधा, पुन्हा जोर पडला तर परत चिरावं लागेल.

"ऐकलंत?" झोळी बांधताना बाईंचा आवाज चढला. "तुमच्यासाठी मी घसा फोडतेय, आणि तुम्ही घरी सिमेंटच्या गोणी उचलताय?"

"गोणी नाही."

"मग काय?"

मिस्त्री डाव्या हातानं शर्टाचं बटण लावत राहिले. ते काही लागेना.

"बायकोला," ते म्हणाले. "तिचं अर्धं अंग गेलंय, बाई. लेक कामावरून येते सातला. तोवर हिला ओल्यात ठेवू?"

बटण बाईंनीच लावून दिलं.

"खुर्चीत बसवायचं ते लेक आल्यावर, दोघांनी. पण कूस वळवणं, बसतं करणं, चादर काढणं, एवढं एका हातानं होतं."

"तिला? माझ्यापेक्षा जड आहे ती."

बाईंनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि सरळ तपासणीच्या पलंगावर आडव्या झाल्या. बाकावरचे पेशंट माना उंचावून बघू लागले.

"माझी डावी बाजू गेली. मला उठवा."

"अहो बाई, लोक बघतायत."

"बघू देत. आधी गुडघे दुमडा. आता कुशीवर वळवा. पाय पलंगाखाली सोडा. पाय खाली गेले की अंग वर येतं. तुम्ही फक्त खांद्यामागे हात द्यायचा."

मिस्त्रींनी डावा हात खांद्यामागे घातला. झोळीतला उजवा आपोआप पुढे सरकला.

"तो नाही!"

त्यांनी हात पोटाशी घट्ट धरला. पहिल्यांदा बाई अर्ध्यावरून मागे कलंडल्या. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्या उठून बसल्या. मिस्त्रींच्या कपाळावर घाम होता, पण उजवा हात जागचा हलला नव्हता.

"जमलं की!" बाकावरचे आजोबा म्हणाले.

"नाही जमलं अजून," बाई म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. "परत करा. या वेळी मी घाबरलेली आहे."