दोन्ही उत्तरं

"मशीनले आपण एक अट सांगतो," जैनब मॅडम फळ्यावर बाण काढत म्हणाली. "अट खरी असली तर हे काम, खोटी असली तर ते. हे इफ, हे एल्स. बस, इतकंच."

अहेरीतल्या त्या क्लासच्या खोलीत बारा कॉम्प्युटर होते आणि पंखा एक. मनकर्णा खिडकीजवळ बसली होती. वय अडतीस. बाकीची सारी पोरंपोरी तिच्या लेकीच्या वयाची. तिचा नवरा भैयाजी लाकडाच्या डेपोत लठ्ठे रचायचा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात थप्पीवरून सागाचा लठ्ठा घसरला आणि तो त्याखाली गेला. त्याच्या जागी तिला ऑफिसात घेणार होते. पण कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आणा म्हणाले. म्हणून ती रोज सकाळच्या बसने यायची. ती रडली नव्हती. भाजीत मीठ पडलंय की नाही, तेही आताशा तिला कळत नव्हतं.

"आता आपापल्या घरातलं एकेक उदाहरण सांगा."

आदेश म्हणाला, पाऊस असला तर छत्री, नाई तर टोपी. दिव्यानी म्हणाली, बस आली तर कॉलेज, नाई तर झोप. पोरं हसली.

"मनकर्णाबाई, तुमचं?"

"ड्युटी असली तर डबा भरा," मनकर्णा म्हणाली. "नाई तर नका भरू."

"एकदम सही! हेच लिहा." जैनब याच महिन्यात राजुऱ्याहून आली होती. तिला काही ठाऊक नव्हतं.

एका बोटाने लिहायला मनकर्णाला अर्धा तास लागला. एकदा कंस राहिला, एकदा ओळीच्या शेवटची दोन टिंबं. अखेर पडद्यावर प्रश्न आला, ड्युटी आहे का? तिने 'हो' टाकलं. खाली उमटलं, डबा भरा.

तिने पुन्हा चालवून पाहिलं. ड्युटी आहे का? हो. डबा भरा. पुन्हा. हो. डबा भरा. पडदा तळापर्यंत भरत गेला.

जैनब मागे येऊन उभी राहिली. "बरोबर आहे. पण दोन्ही बाजू पाहिल्याबिगर मी वहीवर सही नाई करत. 'नाई' पण टाकून पाहा."

"चालून तं राह्यलं, मॅडम."

"हे चालते. दुसरं चालते का नाई, ते कसं कळन?"

मनकर्णाचं बोट कीबोर्डवरून फिरलं, पण कुठल्याच अक्षरावर टेकलं नाही.

"काऊन बाई? एनचं बटन सापडून नाई राह्यलं का?"

शेजारून दिव्यानी हळूच म्हणाली, "मॅडम, राहू द्या न. त्यांचे मालक डेपोत गेले. दिवाळीच्या मागून."

जैनब तिच्या खुर्चीशेजारी खाली बसली. "माफ करा, बाई. मले मालूम नव्हतं. दुसरं काही घ्या. नाई तर ठेवा, मी अशीच सही करून देते."

"अशीच नोको," मनकर्णा म्हणाली. "परीक्षेत विचारतीन."

तिने एन शोधला. मग ए. मग आय. एंटर दाबलं.

डबा नका भरू.

तिने ओळ वाचली. अक्षर न् अक्षर तिनेच लिहिलेलं होतं, तरी तिने ते दोनदा वाचलं.

"मी तं रोज भरून राह्यली," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "आजही भरला."

मग तिने वही पुढे सरकवली. जैनबने पेन उघडलं, पण सही कुठे करायची तेच तिला दिसेना. मनकर्णाने पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"इथी, मॅडम."