झेंड्याच्या डावीकडे

डॉक्टरांनी मारलेला तिसरा चेंडूही डावीकडच्या गवतात गडप झाला. अखेर गोल्फच्या प्रशिक्षकाने डॉक्टरांच्या बुटांपुढे एक काठी आडवी ठेवली. तिचे टोक झेंड्याच्या वीस पावले डावीकडे रोखलेले होते.

"उभं राहण्यातच चूक आहे, डॉक्टर. हात बिचारे काय करणार?"

"हातांना नावं ठेवू नका, मास्तर," डॉक्टर हसले. "उद्या सकाळी तुमच्या लेकीच्या मेंदूचं ऑपरेशन याच हातांनी करायचंय."

"बरं. आधी नजर झेंड्यावर न्या, मग पाय लावा."

"कोणत्या झेंड्यावर? डावीकडच्या?"

 

मैदानावर झेंडा एकच होता. प्रशिक्षकाने एक बोट उभे केले आणि विचारले, "डॉक्टर, ही बोटं किती?" तेव्हा डॉक्टरांनी हातमोजा काढून खिशात कोंबला आणि ते गाडीकडे चालू लागले.