मागच्या बाजूचे आकडे

“काळा होता,” काकू म्हणाल्या. “आणि एका कोपऱ्याला चेपलेला.”

दुकानदाराने मागच्या फळ्यांकडे पाहिलं. जुने कॅमेरे दुरुस्त करायचे आणि विकायचे हा त्याचा धंदा. फळ्यांवर चाळीसएक कॅमेरे होते आणि त्यातले दोन सोडून सगळे काळे.

“कंपनी कुठली?”

“ते यांना माहीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. रोल भरायचा, आकडे लावायचे, फोटो धुऊन आणायचे, सगळं हेच बघायचे. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. मग घर बदललं, त्यात कॅमेरा कुठे गेला कोण जाणे. मला अगदी तसाच हवाय.”

अशी गिऱ्हाइकं आली की दुकानदाराची जीभ वळवळायची. फोटो बिघडला की लोक लेन्स बदलायला येतात आणि हा त्यांना ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ऐकवून परत पाठवतो, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. तक्रार शंभर टक्के खरी होती.

“काकू, फोटो कॅमेरा काढत नाही, त्याच्यामागचा माणूस काढतो. कॅमेरा शोधून देईन हो, काका कुठून आणू?”

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं. काकू मात्र रागावल्या नाहीत.

“माझ्या ताईचं सोमवारी ऑपरेशन आहे,” त्या म्हणाल्या. “जबड्याचं. चेहरा आधीसारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्याआधी तिला एक फोटो हवाय. फोटोग्राफर बोलावला होता. दोन दिवे, एक छत्री, सगळा थाट. ताई अशी बसली, जशी काही पोलिसांनी बसवलीय. फोटो बघून रडली. म्हणाली, ही मी नाहीच, तुमच्याकडे आहेत तसा एक तरी काढ. आज गुरुवार आहे.”

काकूंनी पिशवीतून पाकीट काढून सहा फोटो काउंटरवर मांडले.

एकात अर्ध्या गालाला फेस लावलेला कुणी तरुण. एकात उलट्या सायकलीची साखळी बसवणारा माणूस, बोटं काळी झालेली. एकात चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे कुणी आजोबा. दुकानदार पुढचे तीन बघायचे विसरून त्या तिघांकडेच बघत राहिला. तीस वर्षांत त्याने हजारो फोटो हाताळले होते, त्यांत असे फार थोडे होते.

प्रत्येक फोटोच्या मागे बारीक, नेटक्या अक्षरात आकडे होते.

“हे काकांचं अक्षर?”

“हो. फार शिस्तीचे. दर फोटोला लिहून ठेवायचे.”

दुकानदार खूश झाला. त्याने आकडे वाचले. तीन फोटोंवर शटरचा वेग तीनशे होता आणि हा आकडा सगळ्या कॅमेऱ्यांवर नसतो. स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून एक धुळकट कॅमेरा काढला, फुंकर मारली, पुसला. काकूंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हाच. वजन तेवढंच आहे.”

चाचणीशिवाय कॅमेरा विकायचा नाही, हा त्याचा नियम. त्याने उरलेल्या रोलचा तुकडा भरला, खिडकीतला उजेड बघून आकडे लावले, कॅमेरा काकूंच्या हातात दिला आणि स्वतः टेबलाशी बसून एका बिघडलेल्या कॅमेऱ्याचे स्क्रू काढू लागला.

“कुठलाही फोटो काढा. मला फक्त लेन्स तपासायचीय.”

काकू बराच वेळ त्याला नुसतं विचारत राहिल्या. दुकान कधी टाकलं, पहिला कॅमेरा कुणी दिला, तो पहिला कॅमेरा खोलला तेव्हा वडील काय म्हणाले. वडिलांचं नाव निघालं तसा त्याचा हात थांबला आणि खटका वाजला.

मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याने रोल धुतला आणि अर्ध्या-पाऊण तासाने ओला कागद चिमट्याने धरून बाहेर आला. आरशात रोज दिसतो त्यापेक्षा त्या कागदावरचा माणूस त्याला जास्त ओळखीचा वाटला.

“काय लेन्स आहे,” तो म्हणाला. “अशी लेन्स हल्ली बनत नाही, काकू. मी उगाच इतकी वर्षं वर टाकून ठेवली.”

रोज सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकांना काय ऐकवतो, ते त्या क्षणी त्याला आठवलं नाही.

खात्री करावी म्हणून त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि आपला फोटो त्या सहांशेजारी ठेवला. कडा तपासता तपासता तो थबकला. फेस लावलेल्या तरुणाच्या कानाची पाळी चिरलेली होती. सायकलवाल्याचीही. चष्मा शोधणाऱ्या आजोबांचीही. उरलेले तीनही त्याने भरभर पाहिले. सहाही फोटोंत एकच माणूस होता, फक्त वय वाढत गेलेलं.

त्याने भिंग काढून ठेवलं.

“काकू, कॅमेरा घेऊन जा. रोल भरून देतो, आकडेही लावून देतो. पण खोटी आशा लावत नाही. तुमच्या ताईंचा फोटो असा येईल, हे मी सांगू शकत नाही. हे लेन्सचं काम नाही. ज्याने हे काढलेत, त्याचा या माणसावर फार जीव असणार. चाळीस वर्षं एकाच माणसाकडे असं कोण बघतं? काकांचे भाऊ का हे?”

“भाऊ कुठला,” काकू फोटो गोळा करत म्हणाल्या. “हे आमचे हेच. दुसरं कोण थांबणार होतं माझ्यासमोर इतका वेळ?”