आधी दार

पिंजरा पाण्यात उलटला आणि करुणानं आधी कमरेचा पट्टाच सोडला.

पाण्यावर उतरणारं छोटं विमान चालवायला शिकायचं, तर ते उलटल्यावर बाहेर पडता आलं पाहिजे. त्यासाठी पोहण्याच्या तलावात हा खुर्ची बसवलेला पिंजरा. "आधी दाराची कडी धर, मग पट्टा सोड," मोहितेसरांनी बजावून सांगितलं होतं. करुणा मनात हसली होती. हर्णैच्या कोळ्यांच्या पोरीला पाणी शिकवणारे हे कोण?

पट्टा सुटताच ती तरंगली. पाय झाडत वर गेली, तर डोकं पिंजऱ्याच्या आता वर आलेल्या तळावर आपटलं. दार उजवीकडे होतं. पण आता उजवीकडे म्हणजे कुठे? चाचपडावं तिथे गजच. छाती फुटायची वेळ आली, तेव्हा सरांनी दंडाला धरून बाहेर ओढलं.

"पट्टा होता तोवर दार तुझ्या हाताशी होतं," ते म्हणाले. "चांगले पोहणारेच असे अडकतात. वर धावतात ना!"

खोकला ओसरल्यावर ती पुन्हा खुर्चीत बसली. पट्टा आवळला. कडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"भीती वाटतेय, सर."

"मग आता शिकशील," म्हणत सरांनी पिंजरा उलटवला.