शून्य चार शून्य तीन

“चारशे एक नाही बाबूजी, चारशे तीन हाये.”

गुणाकररावांनी बॉनेटखालून मान काढली नाही. “दोनाचा फरक. त्यानं का होते?”

“त्यानंच होते.” अपूर्वानं मोबाइल सासऱ्यांपुढे धरला. स्टिअरिंगखाली खोचलेलं काडेपेटीएवढं यंत्र गाडीचं दुखणं मोबाइलवर पाठवत होतं : पी शून्य चार शून्य तीन. “एक आला तं धूर परत इंजिनात नेणारी वाट बुजली. तीन आला तं वाट चांगली, वायरीत गडबड. महागू मिस्त्रीनं दोन खेपा वाट धुतली. वायर कोणं पाह्यली?”

कोणीच नाही. बालाघाटात डिझेल गाडीचा पिवळा दिवा लागला की मिस्त्री त्या वाटेवरचा व्हॉल्व्ह काढतो, काजळी खरवडतो, दिवा पुसून टाकतो. आठवडा बरा जातो. मग पुन्हा दिवा लागतो, गाडी चढावर दम टाकते आणि दोषाला माणूस शोधला जातो. या घरात तो शोधावा लागत नव्हता, सून होती. क्लचवर पाय ठेवते. गिअर उशिरा बदलते. हिच्या हाती गाडी टिकत नाही.

निकाल काल जेवतानाच लागला होता. आज दोष सापडला नाही तर उद्यापासून अपूर्वानं कटंगीच्या शाळेत बसनं जायचं, किल्ली बाबूजींकडे. बस पोचते तेव्हा प्रार्थना संपलेली असते, आणि रोजचा उशीर खपवून घेणार नाही असं हेडमास्तरांनी तिला आधीच बजावलं होतं. म्हणजे नोकरी सोड. हे वाक्य कोणी बोललं नाही. अशी वाक्यं घरात बोलावी लागत नाहीत. तिचा नवरा यशोधन भात कालवत होता. तो कालवतच राहिला.

“गाडी चालू हाये, तशीच राहू द्या,” अपूर्वा म्हणाली. “हा आकडा पाहा. व्हॉल्व्ह किती उघडला ते दाखवते. मी वायर हालवते. आकडा पडला का सांगा.”

तिनं वायरींचा अख्खा झुबका धरून झटकला.

“अशी नको,” गुणाकरराव म्हणाले. जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला. “सारं एकदम हालवशीन तं का समजन? कॅनॉल गळते तं एका टोकाहून चालत जा लागते. थांब, दाब, पाह्य. मग पुढं.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग एका टोकाहून सुरुवात केली.

“बत्तीस,” ते वाचू लागले. “बत्तीस. एकतीस. बत्तीस. पुढं चाल.”

आता ते इतके वाकले होते की त्यांचा चष्मा मोबाइलला टेकत होता. कोण हरणार हे काही वेळ दोघंही विसरले.

“त्या पाइपाच्या मागं हात घाल.”

“तिथं तुमची पुडी हाये.”

“सरकव ना मंग.”

तिनं पुडी सरकवली.

“शून्य,” गुणाकरराव म्हणाले.

तिनं सोडली.

“बत्तीस.” ते थांबले. “पुन्हा सरकव.”

“किती?”

“शून्य.”

गल्लीच्या मागे राइस मिल. मिलचे उंदीर रात्री गरम इंजिनात येऊन वायरी कुरतडतात, म्हणून गुणाकरराव दर शनिवारी कडक तंबाखूची पुडी चिंधीत बांधून बॉनेटमध्ये टांगत. गरम जागी वास जास्त सुटतो म्हणून व्हॉल्व्हजवळ, आणि सुतळी गुंडाळायला तिथे एकच गोष्ट हाताशी होती : त्या व्हॉल्व्हची वायर. कटंगीच्या रस्त्यावर पुडी झोके घ्यायची आणि वायरीच्या टोकाचा प्लग थोडा थोडा बाहेर ओढायची. महागू व्हॉल्व्ह धुताना पुडी सोडायचा, प्लग घट्ट बसवायचा आणि पुडी होती तिथेच परत बांधायचा. गुणाकरभाऊंनी बांधलेली पुडी. तिची जागा कोण बदलणार?

अपूर्वानं हात बाहेर काढला. बोलण्यासारखं भरपूर होतं.

“मले पाहू दे,” गुणाकरराव म्हणाले. मोबाइल तिच्या हाती देऊन त्यांनी स्वतः सुतळी ओढली.

“शून्य.”

सोडली, ओढली.

“शून्य, बाबूजी.”

त्यांनी अजून एकदा ओढली. मग गाडी बंद केली, सुतळीची गाठ सोडली आणि प्लग खट् आवाज येईपर्यंत आत दाबला.

तेवढ्यात शेजारचे तेजराम चहाचा कप घेऊन फाटकाशी आले.

“का निघालं गुणाकरभाऊ? म्या म्हटलंच होतं. बायांच्या हाती गाडी देल्ली का हेच होते. आमच्या श्रुतिकाचं बी तेच चालू हाये. दिवा पुसला का आठ दिवसांत पुन्हा हाजिर. सकाळीच किल्ली काढून घेतली सुनेपासून. म्हटलं, बस झालं तुहं कलेक्टरपण.”

गुणाकररावांच्या मुठीत पुडी होती. कुर्त्याला खिसा होता. हात तिकडे निघालाही. अपूर्वा पाहत होती. नजर काही तिनं हटवली नाही.

हात परत आला.

“तुह्या गाडीत पुडी कोणं बांधली, तेजराम?”

“तुमीच तं. साऱ्या गल्लीले तुमीच बांधून देल्ल्या.” तेजराम हसले. “काहून? तंबाखू संपला का?”

गुणाकररावांनी गाडीची किल्ली काढून अपूर्वाच्या हातावर ठेवली, मोबाइल आणि ते यंत्र सोबत घ्यायची खूण केली आणि फाटक उघडलं.

“घरून श्रुतिकाले बोलाव,” ते तेजरामला म्हणाले. “आन् तिच्यासमोर बॉनेट उघड.”