सावळारामची पत्रं

"आज किती आली गं पोरी?" दारात चपला काढत जानकूबाबांनी विचारलं.

आरतीनं मेलचं पान उघडलं. कळंबला हायवेच्या कडेला सायबर कॅफे टाकून तिला तीन वर्षं झाली होती, पण असलं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं. सावळारामचा दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी हा मेंढरं राखणारा बाप पोराची वही घेऊन आला. वहीत ईमेलचा पासवर्ड होता. तिनं मेल उघडून दिली, तर आत चाळीस पत्रं. सगळी जाहिरातींची रद्दी! कुणाची लॉटरी, कुणाच्या गोळ्या.

"येवढी माणसं त्याला इचारत्यात," बाबा म्हणाले होते. "त्यास्नी कळवाय नको? पोर गेलं म्हनून लिही सगळ्यांला."

ही रद्दी आहे, हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. तिनं चाळिसांनाही निधनाची बातमी धाडली. असल्यांना एकदा उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं आणि मेलचा नुसता पूर येतो. कॅफेवालीला हे ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं.

"तीनशे बारा," ती म्हणाली.

बाबा मटकन खुर्चीत बसले. "आरं द्येवा! येवढी माणसं जोडली व्हती त्यानं? आन् मी म्हनायचो, तुला मेंढरांबिगर वळखतंय कोन." पागोट्याच्या टोकानं त्यांनी डोळे टिपले. "वाच एखादं."

आरतीनं सगळ्यात वरचं उघडलं. इंग्रजीत होतं. प्रिय सावळाराम, अभिनंदन! तुमची निवड झाली आहे.

"लई वाईट वाटलं, असं लिहिलंय," ती म्हणाली. "सावळारामसारखा मित्र पुन्हा मिळायचा नाही, म्हणतोय." तिनं ते पत्र बंद केलं.

बाबांनी मान हलवली. "आता फाडून टाक समदी. मयताची पत्रं वाचली की ठिवू नाय."

एकेक पान करत तिनं सगळी पुसली. फोनची लाईन मंद, बराच वेळ गेला.

"फाडली?"

"फाडली बाबा."

बाबा काठी घेऊन उठले. तेवढ्यात पडद्यावरचं पान पुन्हा उघडलं. रिकाम्या पानावर एकाच नव्या पत्राची ठळक ओळ होती.

"ह्याला उशिरा कळलेलं दिसतंय," बाबा म्हणाले, आणि काठी बाजूला ठेवून पुन्हा खुर्चीत बसले.